सातची शाळा, अकराची झोप

मीरा रोडच्या शांती नगरात जूनच्या मध्यावर शाळकरी मुलांच्या दोन लाटा रस्त्यावर येतात. पहिली सकाळी साडेसहाला. ही मोठी मुलं, आठवी ते दहावीची. रेनकोटची टोपी कपाळापर्यंत ओढलेली, डोळे अर्धवट मिटलेले, रिक्षात अंग चोरून बसलेली. दुसरी लाट दुपारी बाराच्या आसपास, लहानग्यांची. ती उड्या मारत जाते. एकाच इमारतीत सकाळी माध्यमिक आणि दुपारी प्राथमिक, अशी दोन सत्रांची शाळा मुंबईच्या उपनगरांत जुनीच आहे, आणि मीरा-भाईंदरसारख्या शहराला तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. २००१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती. २०११मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. दहा वर्षांत माणसं दीडपटीहून जास्त झाली. वर्गखोल्या त्या वेगानं कोण बांधणार? मग एकच बाक सकाळी दहावीतल्या मुलाचा आणि दुपारी दुसरीतल्या मुलीचा.

मे संपत आला की घरोघरी तयारी सुरू होते. खाकी कव्हरं, लेबलं, पी.टी.चे पांढरे बूट, गेल्या वर्षीची कंपास पेटी चालेल की नवी हवी यावर वाद. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पुस्तकं फुकट मिळतात. नववीत गेलं की ती विकत घ्यावी लागतात, हे ज्या आईबापांना आधी कोणी सांगितलेलं नसतं त्यांचा पहिला खर्च इथे होतो. दहावीत गेलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची क्लासची व्हेकेशन बॅच एप्रिलमध्येच सुरू झालेली असते, आणि ‘एकवीस अपेक्षित’ या प्रश्नसंचाची चौकशीही. एवढं सगळं जमवलं तरी १५-१६ जूनला पहाटे पावणेसहाला घराघरांत तोच तमाशा होतो. गजर तीनदा वाजतो, आई चारदा हाक मारते, पांघरुणातून ‘पाच मिनिटं’ असा आवाज येतो, आणि बाबांच्या तोंडी ‘रात्रभर मोबाइल बघितल्यावर काय होणार’ हे ठरलेलं वाक्य.

बाबांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मुलाच्या कवटीत आहे.

दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकांना छेदतात, त्याच्या किंचित वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. भूक, शरीराचं तापमान, झोप-जाग यांचं वेळापत्रक तो चालवतो. गंमत अशी की त्याचा दिवस बरोबर चोवीस तासांचा नसतो. हार्वर्डच्या संशोधकांनी १९९९मध्ये माणसांना मंद उजेडात, नेहमीच्या दिवस-रात्रीपासून तोडून ठेवून मोजलं, तेव्हा तो सरासरी २४ तास ११ मिनिटांचा निघाला. म्हणजे मोकळं सोडलं तर आपलं आतलं घड्याळ रोज थोडं मागे पडतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते पुन्हा जुळतं. मे महिन्याच्या सुट्टीत मूल रोज थोडं उशिरा झोपून थोडं उशिरा उठत जातं ते याचमुळे. त्यासाठी काही करावं लागत नाही, ते आपोआप होतं. उलट दिशेला, म्हणजे लवकर झोपण्याकडे, घड्याळ नेणं कठीण.

हे सगळ्याच माणसांचं झालं. तारुण्य सुरू झालं की त्यात आणखी एक फरक पडतो. मेलाटोनिन हे संप्रेरक अंधार पडल्यावर रक्तात वाढू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी देतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्सकाडन यांनी १९९०च्या दशकापासून दाखवून दिलं की वयात येणाऱ्या मुलांत ही वर्दी लहान मुलांपेक्षा उशिरा पोहोचते. दुसरी गोष्ट झोपेच्या दाबाची. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि जितका साचेल तितकी झोप अनावर होते. पौगंडावस्थेत हा दाब हळू चढतो, म्हणून सातवीतलं मूल जिथे नऊ वाजता पेंगतं तिथे तेच मूल दहावीत अकरापर्यंत टवटवीत असतं. हे फक्त शहरी, मोबाइलवाल्या पोरांचं लक्षण नाही. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांत ते आढळलं आहे, आणि उंदीर-माकडांसारख्या प्राण्यांच्या वयात येणाऱ्या पिलांतही त्याच्या खुणा दिसल्या आहेत. जर्मनीतले टिल रोनेबर्ग यांनी २००४मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा मांडल्या तेव्हा उशिराकडे झुकणारा हा कल विसाव्या वर्षाच्या आसपास शिखरावर पोहोचून मग उतरताना दिसला. वयात येणं संपल्याची ती खूण मानावी, असंही त्यांनी सुचवलं.

आता शांती नगरातल्या घराचा हिशेब मांडू. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेच्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेनं २०१६मध्ये सांगितलं. सातच्या शाळेसाठी पावणेसहाला उठायचं तर साडेआठ तासांसाठी सव्वानऊला झोप लागायला हवी. पण क्लास साडेआठला सुटतो. बाबा चर्चगेटहून विरार लोकलला लोंबकळत नवाला घरी पोहोचतात. जेवण साडेनऊला. वन रूम किचनमध्ये मुलाची गादी हॉलमध्ये, हॉलमध्ये टीव्ही, आणि ट्यूबलाइट सगळ्यांची मिळून एकच. अशा घरात मुलाची झोपायची वेळ वेगळी नसते, ती अख्ख्या घराची असते. अकराला पाठ टेकली तरी झोप होते पावणेसात तास. रोज पावणेदोन तासांची तूट धरली तर सहा दिवसांच्या शाळेत आठवड्याला साडेदहा तास. मग रविवारी मूल साडेअकराला उठतं, आणि घरात ‘आळशी’ हा शब्द त्याला चिकटतो. रोनेबर्ग आणि सहकारी या रविवारच्या उशिराला सामाजिक जेटलॅग म्हणतात. विमानात न बसता दर सोमवारी मुलगा काही तासांचा प्रवास करून शाळेत येतो.

तुटीचा फटका कुठे बसतो तेही पाहण्यासारखं आहे. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, शरीराची वाढ करणारं संप्रेरक तेव्हा जोरात स्रवतं. स्वप्नांची झोप मात्र पहाटेकडे दाटते. पावणेसहाचा गजर नेमकी तीच कापतो. दिवसभर शिकलेलं पक्कं करण्याचं काम झोपेतच चालतं, त्यामुळे पहाटे पाचला उठवून पाठांतर करून घेणारे पालक एका हातानं देतात आणि दुसऱ्या हातानं काढून घेतात. शाळेच्या भिंतीवरची ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही म्हण सगळ्यांना पाठ आहे; तिच्यातलं ‘निजे’ सोडून ‘उठे’ तेवढं आपण उचललं.

या प्रश्नाकडे सरकारचं लक्ष गेलं, पण अर्धंच. डिसेंबर २०२३मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचं जाहीरपणे सांगून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. ८ फेब्रुवारी २०२४ला शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय आला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. रात्री उशिरापर्यंतची जाग, पावसाळ्या-हिवाळ्यातली सकाळ, ही कारणं खरी होती आणि लहानांना सवलत मिळाली याचं वाईट वाटण्याचं कारण नाही. पण निसर्गाचा क्रम उलटा आहे. सहा वर्षांचं पोर सुट्टीच्या दिवशीही साडेसहाला उठून बसतं आणि सगळ्यांना उठवतं. नऊपर्यंत ज्याचा मेंदू खरोखर जागा होत नाही ते पंधरा वर्षांचं आहे. आणि एका इमारतीत दोन सत्रं असतील तर लहानांना नऊच्या पुढे नेल्यावर सकाळी सातला कोण उरतं, हे सांगायला नको.

मुंबईच्या बाजूला यात आणखी एक भर पडते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे. मीरा रोड त्र्याहत्तर अंशांच्या थोडं अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबानं आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३८ मिनिटं मागे चालतो. म्हणून तर मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागची. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा त्याच महिन्यात मुंबईतल्या गिरणी कामगारांनी हजारोंच्या संख्येनं काम बंद पाडलं, दगडफेक केली; भोंगा सूर्याच्या आधी वाजू लागला होता. मुंबई वेळ त्यानंतरही १९५५पर्यंत शहरात टिकून राहिली. आज ती कोणाला आठवत नाही, पण शरीराला आठवते. १५ जूनला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे शाळेची सुरुवात तरी उजेडात होते. १५ जानेवारीला तो सव्वासातला उगवतो. कोलकात्यात त्याच दिवशी सव्वासहाला. म्हणजे सातची शाळा जानेवारीत मीरा रोडला अंधुक उजेडात भरते, पहिला तास निम्मा होतो तेव्हा सूर्योदय, आणि कोलकात्याचं पोर मात्र त्याच सातला ऊन अंगावर घेऊन वर्गात बसलेलं असतं.

यानं काही फरक पडतो का, हे मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञानं भारतातल्याच आकडेवारीवरून तपासलं. जिथे सूर्य तासभर उशिरा मावळतो तिथली मुलं सरासरी अर्धा तास कमी झोपतात, आणि त्यांचं शालेय शिक्षण सुमारे ०.८ वर्षांनी कमी भरतं, असं त्यात दिसलं. फटका गरीब घरांना जास्त, कारण तिथे अंधार-उजेड आणि आवाज अडवायला वेगळी खोली नसते. मूल पश्चिमेला राहिलं म्हणून उशिरा झोपतं, पण शाळा सगळीकडे घड्याळानं भरते.

शाळेची वेळ पुढे ढकलली तर काय होतं? मुलं तेवढीच उशिरा झोपतील, ही शंका सगळ्यांत आधी येते. अमेरिकेत सिएटल शहरानं २०१६मध्ये माध्यमिक शाळा सकाळी ७:५० ऐवजी ८:४५ला सुरू केल्या. संशोधकांनी मुलांच्या मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रं बांधली. झोप रोज सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. झोपायची वेळ फारशी सरकली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१४मध्येच साडेआठच्या आत मोठ्या मुलांची शाळा नको म्हटलं होतं, आणि कॅलिफोर्नियानं २०१९मध्ये तसा कायदा करून तो २०२२पासून लागू केला. तिथे दोन सत्रांची अडचण नव्हती, बसच्या फेऱ्यांची होती. आपल्याकडे सत्रांची अदलाबदल करून बघायला हरकत नाही, म्हणजे लहान सकाळी आणि मोठे दुपारी. पण मग सहाला शाळा सुटून क्लास रात्री नऊपर्यंत जाईल, किंवा क्लासवालेच सकाळी सातची बॅच काढतील. त्यांच्यासाठी शासन निर्णय निघणार नाही.

तेव्हा यंदाच्या जूनपुरतं तरी घड्याळ घरीच फिरवायचं आहे. ते फिरतं, फक्त त्याला दोन आठवडे लागतात.

बहुतेक घरांत सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री ‘आज नऊला झोपायचं’ असा हुकूम सुटतो. मूल बिचारं आडवं होतं आणि अकरापर्यंत छताकडे बघत राहतं. इस्रायलचे पेरेत्झ लावी यांनी १९८०च्या दशकात दाखवलं होतं की नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास हा झोपेला सगळ्यांत बंद असलेला काळ असतो. शरीर तेव्हा सर्वांत जागं असतं. तेव्हा धरायचं ते उठण्याचं टोक. १ जूनपासून गजर रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणायचा. साडेआठला उठणारी मुलगी अकरा-बारा दिवसांत पावणेसहाला पोहोचते. रात्रीची झोप आपोआप मागोमाग सरकते, कारण लवकर उठल्यानं दाब लवकर चढतो.

उठल्यावर लगेच उजेड हवा, आणि तो घराबाहेरचा. ट्यूबलाइटच्या खोलीत दीड-दोनशे लक्स उजेड असतो. पावसाळी ढगाखालीसुद्धा बाहेर हजारो लक्स मिळतात. मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनच्या आसपास येतो, म्हणजे या सरावाच्या शेवटी आभाळ भरलेलं असेल. तरी सोसायटीच्या आवारात वीस मिनिटं, नाहीतर कोपऱ्यावरून दूध आणायला जाणं पुरतं. गावाकडचा अनुभव अनेकांना असेल. मे महिन्यात कोकणात आजीकडे ओटीवर झोपणारी पोरं चार दिवसांत सहाला उठू लागतात आणि मीरा रोडला परतल्यावर आठवड्यात पुन्हा दहावर येतात. ‘तिकडे कसा शहाण्यासारखा वागतो!’ म्हणून आईला राग येतो. कोलोराडोतल्या केनेथ राइट यांनी २०१३मध्ये काही माणसांना आठवडाभर विजेशिवाय तंबूत ठेवलं, तेव्हा त्यांचं आतलं घड्याळ जवळजवळ दोन तास अलीकडे आलं. आजीची शिस्त वगैरे काही नसते. ओटीवर पहाट थेट डोळ्यांवर येते आणि संध्याकाळी साडेसातनंतर एकच पिवळा दिवा असतो.

घरात संध्याकाळी याची थोडी नक्कल करता येते. नवानंतर हॉलची ट्यूब बंद करून कोपऱ्यातला दिवा ठेवायचा. हे मोठ्यांना जड जातं, पण मुलाला एकट्याला अंधारात पाठवण्यापेक्षा बरं. मोबाइलबद्दल निळ्या प्रकाशाची चर्चा फार झाली आहे; मला वाटतं पडद्याच्या उजेडापेक्षा त्यात गुंतून जाणं जास्त महागात पडतं. त्यात रोजचा डेटा रात्री बाराला नव्यानं मिळतो. अकरा वाजता ‘संपलं’ म्हणून ठेवलेला फोन बाराला पुन्हा जिवंत होतो, आणि पंधरा वर्षांच्या मेंदूला बारा म्हणजे काही फार रात्र नव्हे. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावण्यानं अर्धं काम होतं.

दुपारी एकला शाळेतून आल्यावर वरण-भात खाऊन लागणारी झोप मात्र मनाई करण्यासारखी नाही. ती तुटीची वसुली आहे. फक्त ती अर्ध्या तासात आटोपायला हवी. दोन ते पाच झोपलं की साचलेला दाब उतरतो आणि रात्री बारापर्यंत झोपेचा पत्ता नसतो. मग क्लासआधी चहा, क्लासनंतर पुन्हा चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन अडेनोसिनची जागा अडवून बसतं, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या चहाचा निम्मा अंमल अकराला अंगात असतो. रविवारी जास्त झोपू द्यावं, पण नेहमीपेक्षा एक-दीड तासच. बारापर्यंत झोपू दिलं की आठवड्याची मेहनत वाया जाते आणि सोमवार पुन्हा पहिल्यासारखा.

दहावीच्या मुलांसाठी हा खेळ वर्षात दोनदा होतो. जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली, शाळेचा निरोप समारंभ झाला, की अभ्यासाची सुट्टी लागते आणि घड्याळ मेपेक्षाही वेगानं घसरतं. रात्री तीनपर्यंत वाचन, सकाळी अकराला उठणं. बोर्डाचा सकाळच्या सत्रातला पेपर अकराला असतो, साडेदहाला केंद्रात बसायचं असतं. सातच्या शाळेच्या मानानं बोर्डानं ही वेळ नकळत मुलांच्या सोयीची ठेवली आहे. तिथे पहाटे पाचला उठवण्याची काही गरज नाही. पहिल्या पेपरच्या पंधरा दिवस आधीपासून साडेसातला उठून बाहेर उजेडात जाऊन यायचं, आणि रोज त्याच अकरा ते दोनमध्ये घरी एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवायची.